गोधडीचं पोट

अहिरेबाईंनी आमच्या सोसायटीत झेंड्याची घडी दुसऱ्या कुणाला कधी घालू दिली नाही. सेक्रेटरी आमचे हे, झेंडा सोसायटीचा, खांब वॉचमनने रंगवलेला, पण मान बाईंचा. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी त्या आपल्या जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरायच्या, त्यावर झेंडा, त्यात गुलाबाच्या पाकळ्या, आणि मग अशी काही गाठ मारायच्या की दोरीला नुसता झटका दिला की झेंडा सुटावा. ते गाठोडं मग देवघरात जायचं. देवांना त्या रात्री जरा सरकून बसावं लागे.

मी त्यांच्या समोरच्या दारातली. नाशिकच्या दिंडोरी रोडला आमची तीन मजली सोसायटी, आम्ही दोघी दुसऱ्या मजल्यावर. बाई मूळच्या कळवणकडच्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून रिटायर झालेल्या. यजमान लवकर गेलेले, एकच मुलगी, वैशाली. बोलायच्या एकदम शाळेतलं शुद्ध, पण रागावल्या किंवा आत कुठे हललं की कळवणची अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे?" एवढं त्यांनी म्हटलं की वर्गातल्या मुली म्हणे कुणाचं काय चुकलंय ते न विचारताच उभ्या राहायच्या. हे काय आहे, एवढाच त्याचा अर्थ, पण बाईंच्या तोंडून तो आरोप वाटायचा.

एका वर्षी आमच्या ह्यांनी हौसेने दोरी ओढली, ती उलटी. झेंडा गाठोड्यासकट वर जाऊन अडकला. सगळे हसायच्या बेतात होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सावधान. झेंडा उघडेपर्यंत कुणी हलायचं नाही." मग वायरमन येऊन शिडी लावेपर्यंत आम्ही सगळे सावधान. दूधवाला रतीब घालायला आला, त्यालाही कॅन खाली ठेवून उभं केलं. त्या दिवशी पुढच्या सोसायट्यांना दूध उशिरा पोचलं, आणि आमच्या ह्यांना पुढे कितीतरी महिने दूधवाला "काय साहेब, दोरी कशी आहे?" असं विचारायचा.

सण झाला की दुसऱ्या दिवशी बाई पिशवी घेऊन निघायच्या. गटारीच्या कडेला, रिक्षास्टँडवर, शाळेच्या फाटकाशी पडलेले प्लॅस्टिकचे झेंडे गोळा करायच्या. ते टाकायचे कुठे, हा प्रश्न. टाकायचे तर नाहीतच. त्यांची ट्रंक भरली तेव्हा त्यांनी आमचा माळा मागितला, आणि मी दिला. दिवाळीची पणत्यांची टोपली अजून त्या झेंड्यांच्या मागून काढावी लागते मला. पुढे वर्षातल्या कुठल्याही दिवशी कुणालाही घरावर झेंडा लावायची परवानगी मिळाली, तेव्हा पेढे वाटण्याऐवजी बाई कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "आता रोजच पिशवी घेऊन फिरायचं का मी?"

पण बाईंचा खरा नमुना पाहायचा तर पंचवटीच्या भाजीबाजारातला. थंडीची सकाळ होती, पण ऊन चढलेलं. एक भाजीवाली टोमॅटोच्या पाटीवर कापड टाकून बसली होती. केशरी, पांढरं, हिरवं. बाईंचे पाय तिथेच थांबले. मी म्हटलं, "बाई, चला, मेथी संपेल." त्या कुठल्या हलायला. भाजीवालीला त्यांनी झेंड्याचे नियम सांगायला सुरुवात केली. तीही काही कमी नव्हती. म्हणाली, "ऊन लय लागतं वो बाई टमाट्याला. हे काढू तर मंग काय टाकू? तुमची शाल देता का?"

आणि बाईंनी अंगावरची शाल काढून दिली. वैशालीने पहिल्या पगारातून घेतलेली, अस्सल लोकरीची. टोमॅटोंवर शाल आणि पिशवीत ते कापड, अशा आम्ही घरी आलो. धुवायला उलगडलं तर घडीत दडलेला चौथा पट्टा निघाला, गुलाबी. कुठल्याशा लग्नाच्या मांडवाची कनात होती ती. मला हसू आवरेना. बाईंनी कापड उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "झेंडा नाही ना, मग गोधडीला होईल."

"आणि शाल?" मी विचारलं.

"ती झेंड्यासाठी गेली."

"अहो, पण झेंडा नव्हता ना तो."

"मी दिली तेव्हा होता."

मी मेथी निवडायला घेतली.

गोधडी हा बाईंचा दुसरा देश. सोसायटीतल्या सगळ्या जुन्या साड्या त्यांच्याकडे जायच्या. थरावर थर लावून त्या काठापासून टाके घालत यायच्या, फेरी लहान लहान होत मध्यावर यायची, आणि तिथे तळहाताएवढी जागा मोकळी ठेवायच्या. ते गोधडीचं पोट. त्यात पोळीचा तव्यावर कडक केलेला तुकडा, त्यावर गुळाचा खडा, आणि मग वरून चौकोनी ठिगळ लावून पोट बंद. त्यांच्या आईने हेच केलं, आजीने हेच केलं. "उपाशी ठेवली तर ती ऊब कुठून देणार?" असं त्या मलाच विचारायच्या, जशी काही तिला उपाशी मारायला मीच निघाले होते.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी एक गोधडी दिली. ऊब भरपूर, खोटं कशाला बोलू. पण आठवड्याच्या आत हे अंथरुणातून उडी मारून उठले. मुंग्यांची रांग पलंगाच्या पायावरून चढून गोधडीच्या मध्यावर गेलेली. मी सकाळी तक्रार घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "मुंग्या आल्या? मग आत काहीतरी आहे, एवढं तर पटलं ना तुला." आणि वर मलाच हळद दिली, पलंगाच्या पायांशी टाकायला.

वैशाली हुशार. कॉम्प्युटर शिकली, मुंबईला नोकरी लागली, तिथेच लग्न जमलं आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. ते साल नव्वदच्या दशकाच्या अखेरचं असेल. कॉलेज रोडला तेव्हा ज्याच्या त्याच्या घरातलं कोणी ना कोणी निघालेलंच असायचं. लोक विचारायचे, "वैशाली अमेरिकेत असते ना?" बाई दुरुस्त करायच्या, "असते नाही. कामाला गेली आहे." काम झालं की येईल, असं त्या इतक्या सहज म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगी घोटीला तांदूळ आणायला गेली आहे आणि संध्याकाळच्या एसटीने परत येईल.

तिकडच्या त्या दोन उंच इमारती पडल्या, त्याच्या पुढच्या वर्षी वैशालीला दिवस गेले आणि बाई बाळंतपणाला निघाल्या. नातवासाठी गोधडी शिवली. त्यात त्यांची स्वतःची लग्नातली साडी, यजमानांचा सदरा आणि वैशालीचा शाळेचा निळा गणवेश. मी आपलं सहज सुचवलं, "बाई, तीन रंगांची करा की. नातवाला आपला देश कळेल." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहाचे कप उचलून निघून आले. झेंडा पांघरायचा, त्याला पाय लावायचे, बाळाने त्यावर शू करायची! माझी मलाच लाज वाटली.

पुढचं बाईंनी परत आल्यावर सांगितलेलं, तेही इतक्या वेळा की मी स्वतः जाऊन आल्यासारखं झालंय.

जावयाने फोनवर पढवून ठेवलं होतं. विमानात एक कागद देतील, खाण्याचं काही आणलंय का विचारतील, तिथे डोळे मिटून ‘नाही’ असं लिहायचं. बाईंनी लोणचं घेतलं नव्हतं, लाडू घेतले नव्हते. पण गोधडीत पोळी होती. सगळ्या विमानप्रवासात त्यांना तेच एक कुरतडत होतं. शेवटी त्यांनी ‘हो’ लिहिलं. का, तर परक्या सरकारशी खोटं बोललं तर नाव अहिरेबाईंचं नाही, देशाचं जातं. उतरल्यावर एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, खायचं काय आहे? बाईंनी गोधडी पुढे केली. तो गोधडीकडे पाहतो, बाईंकडे पाहतो. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने हातमोजे घातले, कात्रीने मधलं ठिगळ कापलं, चिमट्याने पोळीचा तुकडा आणि गूळ बाहेर काढला आणि डब्यात टाकला.

"प्रामाणिकपणाबद्दल माझे आभार मानले," बाई सांगायच्या, "आणि पोट फाडून गोधडी हातात दिली."

तिथे वैशालीच्या घरी पोचल्या तर जिकडेतिकडे झेंडे. त्या वर्षी तर जास्तच. घरावर झेंडा, मोटारीवर झेंडा, टोप्यांवर, बनियनवर, एका कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा. एका पार्टीत केकवर झेंडा काढला होता, तो सुरीने कापून खाल्ला. कागदी रुमालांवर झेंडा छापला होता, त्यांना तोंडं पुसली. बाईंनी आपली केकची बशी तशीच ठेवली. पार्टी संपल्यावर त्या वापरलेले रुमाल गोळा करायला लागल्या. जावयाला वाटलं, सासूबाई आवरायला मदत करताहेत. दुसऱ्याच्या झेंड्याचीही बाईंना तेवढीच काळजी. पिशवी तर त्यांच्याकडे कायम असायचीच.

शेजारी डोरथी नावाची एक म्हातारी राहायची. बाई तिला डोरथीबाई म्हणायच्या. तीही शिवणारी निघाली. तिकडेही बायका जुन्यानव्या कापडांचे तुकडे जोडून गोधड्या करतात. डोरथीबाई आणि तिच्या मैत्रिणी चर्चच्या तळघरात बसून शिवायच्या. आणि शिवायच्या काय? झेंडा. लाल-पांढरे पट्टे, निळ्यावर चांदण्या, मधोमध पंख पसरलेला गरुड. बिछान्याएवढा झेंडा, आत कापूस भरून, वर हाताचे बारीक टाके. टाके पाहून बाई मनात म्हणाल्या, बाई कसलेली आहे. आणि झेंडा पाहून त्यांनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"विचार तिला," त्या वैशालीला म्हणाल्या, "झोपेत ह्याला पाय लागत नाहीत का?"

वैशालीने विचारलं. डोरथीबाई म्हणाली, "लागतात की. माझा नातू फौजेत आहे, लढाईवर गेलाय. त्याचे पाय ह्याला लागावेत म्हणूनच शिवते आहे मी. इथे, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर."

बाई मला म्हणाल्या, "सुमन, तिला मी नियम काय सांगणार होते?" त्यांना नियम सुचला नाही, असं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग वैशालीला मुलगा झाला, ईशान. बाई दवाखान्यात वैशालीजवळ असताना डोरथीबाई घरी मदतीला यायची. तिला ती पोट फाटलेली गोधडी दिसली. बिचारीने आपल्या जवळचं गडद निळं, पांढऱ्या चांदण्यांचं कापड घेतलं आणि झकास ठिगळ लावून टाकलं. बाई परत येऊन पाहतात तर साडी, सदरा, गणवेश, आणि बरोब्बर पोटावर अमेरिका.

"हाई काय शे?" बाई म्हणाल्या.

"आई, राहू दे गं. तिने प्रेमाने लावलंय."

बाईंचं म्हणणं चांदण्यांबद्दल नव्हतंच. डोरथीबाईने आत काही न घालता शिवून टाकलं होतं. "उपाशी शे ना ती," एवढंच बाई परत परत म्हणत राहिल्या. उपाशी गोधडीत त्यांचा नातू झोपत होता. उसवून परत घालायचं, तर दुसरीने प्रेमाने घातलेला टाका उसवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. जन्मभर शिवण शिकवली होती त्यांनी. शेवटी तशाच परत आल्या. निघताना डोरथीबाईने त्यांना मिठी मारली आणि एक भेट दिली. तीच. गरुडाची.

आता हे धर्मसंकट बाई नाशिकला घेऊन आल्या. पांघरायचा तर झेंडा. टाकायचा तर झेंडा. कुणाला द्यायचा तर तो पांघरणार, म्हणजे पाप आपल्याच माथी. भिंतीवर लावायचा तर आपला त्याहून वर लावायला हवा, आणि एवढा मोठा आपला बाईंकडे नव्हता. म्हणून तो कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात, साड्यांच्याही वर, कडुनिंबाच्या पाल्यात. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत असेलच. डिसेंबरात निफाडकडून वारा सुटला की दात वाजतात. चांगल्या गोधड्या बाईंनी कधीच वाटून टाकलेल्या. स्वतः एका विरलेल्या पातळ गोधडीत कुडकुडायच्या. मी म्हणायचे, "बाई, काढा की तो गरुड." त्या ऐकलंच नाही असं करायच्या. कपाटात गरुड गरम आणि बाहेर बाई गार, असे कितीतरी हिवाळे गेले.

ईशान पाच-सहा वर्षांचा असेल तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी वैशालीचा फोन यायचा. त्या रविवारी मी तिथेच होते, शेंगा फोडत. बाई ऐकत होत्या, ऐकत होत्या, मग "बरं" म्हणाल्या आणि रिसीव्हर ठेवला. वैशालीने तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. तिथल्या झेंड्यासमोर हात वर करून शपथ घेतली होती. आपला पासपोर्ट परत करावा लागतो म्हणे.

"माझ्या शाळेत होती ती," बाई म्हणाल्या. "दर सव्वीस जानेवारीला पहिल्या रांगेत उभी करायचे मी तिला."

त्यानंतर रविवारचा फोन यायचा, बाई घ्यायच्या, ईशानची चौकशी करायच्या. तो जन्मानेच तिकडचा, त्याचा काही दोष नाही, असं त्यांचं म्हणणं. वैशालीने काही विचारलं की "इथे सगळं ठीक" आणि फोन खाली. आणि लोकांनी विचारलं की आता कामाला गेली आहे म्हणत नसत. म्हणायच्या, "मुलगी होती. ती तिकडची झाली." मला फार वाईट वाटायचं. एकटी बाई, एकच मुलगी, आणि मध्ये दोन देशांचे झेंडे. मी एकदा धीर करून बोलले की अहो, कागद बदलला म्हणून पोटची पोर बदलते का? तर त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा सुरात विचारलं, "सुमन, भाजीला येतेस?"

पुढच्या डिसेंबरात वैशाली ईशानला घेऊन येणार असं कळलं. कोणी पुरणाची तयारी केली असती. बाईंनी आमच्या ह्यांना गाठलं. "सेक्रेटरी, घरात परदेशी नागरिक उतरणार असतील तर पोलिसात कळवावं लागतं ना? जरा चौकशी करून या." ह्यांची हिंमत नव्हती नाही म्हणायची. गेले. चौकीतल्या हवालदाराने विचारलं, "कोण येतंय?" हे म्हणाले, "मुलगी." "कोणाची?" "त्याच बाईंची, ज्यांच्या घरी येणार आहे." हवालदाराने ह्यांना बसवून पाणी दिलं आणि म्हणाला, "साहेब, आईला सांगा, पोरीसाठी काहीतरी गोड करा म्हणावं." हा निरोप बाईंना सांगायची हिंमत ह्यांना काही झाली नाही. तो मी सांगितला.

वैशाली आली. दार मीच उघडलं. सहा-सात वर्षांनी मुलगी दारात उभी, आणि बाईंनी ट्रेमधून पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाल्या, "प्रवास नीट झाला ना तुमचा? तुम्हाला चहा चालेल की कॉफी?"

पोटच्या मुलीला तुम्ही. वैशालीचा चेहरा पाहवेना. "चहा चालेल," ती म्हणाली, आणि ग्लास तसाच हातात धरून बसली. मला तिथे थांबवेना. मी दूध बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच गॅस पुसत राहिले.

ईशान मात्र त्याच्या गोधडीसकट आला होता. ती त्याला सगळीकडे लागायची. जेवताना मांडीवर, टीव्हीपुढे डोक्यावर, जिन्यात मागे फरफटत. साडीचे काठ विरले होते, चांदण्या धुऊन धुऊन फिकट पडल्या होत्या. बाई त्याला जवळ घ्यायच्या, पण गोधडीला हात लावायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थालीपीठं घेऊन गेले तर बाई ईशानच्या पलंगापाशी खाली बसलेल्या. उंबऱ्यातून मुंग्यांची रांग निघाली होती. फरशीवरून, पलंगाच्या पायावरून, चादरीवरून, थेट गोधडीच्या पोटावर. निळ्या ठिगळाच्या कडेने आत शिरत होत्या. ईशान शेजारी गाढ झोपलेला.

"सुमन," बाई हळूच म्हणाल्या, "हे तर रिकामं होतं."

"रिकामं नाहीये, आई." वैशाली दारात उभी होती. केस विंचरायची राहिलेली, हातात चहाचा कप. "तू परत गेलीस त्याच आठवड्यात मी उसवलं ते. पोळी घातली, गूळ घातला. डोरथीला कळू नये म्हणून तिच्याच टाक्यांच्या भोकांतून परत शिवलं. मशीनमध्ये धुतली की आत सगळा लगदा होतो. मग मी परत उसवते, परत घालते."

बाई मुंग्यांकडेच पाहत होत्या. "शेवटची कधी घातलीस?"

"निघायच्या आदल्या दिवशी. एवढ्या लांबच्या प्रवासात तिला उपाशी कशी आणायची?"

"आणि विमानतळावर? कागदावर काय लिहिलंस, खाण्याचं काही आहे का?"

वैशालीने कप खाली ठेवला. "नाही म्हणून लिहिलं."

"खोटं लिहिलंस."

"हो."

"आपल्या सरकारला."

"हो, आई."

मला वाटलं, आता काही खरं नाही. बाईंनी ईशानच्या अंगावरच्या दोन मुंग्या झटकल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, हळदीचा डबा आणून पलंगाच्या पायांशी हळद टाकली आणि म्हणाल्या, "हात धू. कणीक भिजवली आहे, पोळ्या लाटायला घे. त्या ईशानला तुझ्या हातचं काहीच मिळत नसेल तिकडे." वैशाली रडत रडत पोळ्या लाटत होती आणि बाई तव्यापाशी उभ्या राहून तिला सांगत होत्या की कडा जाड राहताहेत.

ती दोघं जानेवारीच्या सुरुवातीला परत गेली. दोन दिवसांनी बाईंनी मला हाक मारली. "सुमन, तुझ्याकडची एक पोळी आण गं. मी आज भाकरी टाकली आहे." मी पोळी घेऊन गेले तर जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर, आणि तिच्यावर कपाटातला तो गरुड. झेंड्याची घडी घालायला अंथरतात तसाच. बाईंनी दोऱ्याने मोजून मध्य काढला. तो नेमका गरुडाच्या पोटावर आला. "बरंच झालं," म्हणाल्या, आणि कात्री घेतली.

"बाई, झेंड्याला कात्री?" मी विचारलं. मला विचारायलाच हवं होतं.

"इतकी वर्षं कपाटात उपाशी ठेवली मी हिला," त्या म्हणाल्या. "पाहुणी आणली घरात आणि पाण्यालासुद्धा विचारलं नाही."

पोळीचा तुकडा तव्यावर कडक केला, गुळाचा खडा ठेवला, आणि वरून ठिगळ लावलं ते त्या टोमॅटोवरच्या कापडाचं. उरलेला तुकडा जपून ठेवला होता. केशरी, पांढरा, हिरवा, आणि खाली गुलाबी. गुलाबी पट्टा कापू नका म्हणून सांगायची गरज नव्हती, तो त्यांनी मुद्दामच ठेवला होता. तो नसता तर झेंडा झाला असता. एवढं करताना त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. छातीत कफ भरला होता, डॉक्टरांनी जिना बंद केला होता.

मार्चमध्ये बाई गेल्या. वैशाली आली, सगळं केलं, आमच्या माळ्यावरचे झेंडे पाहून हसली आणि मग रडली. ते सगळं असू दे. मला बाई आठवतात त्या त्याच सव्वीस जानेवारीच्या.

आदल्या संध्याकाळी झेंड्याची घडी त्यांनीच घातली, चादर मी धरली. गाठोडं ह्यांच्या हातात देताना म्हणाल्या, "सेक्रेटरी, दोरी सरळ ओढा." सकाळी कडाक्याची थंडी. आम्ही सगळे खाली, स्वेटर, मफलर, पोरं हात चोळत उभी. बाई येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कोणी सुरुवात करेना. तेवढ्यात वरचं दार वाजलं आणि बाई गॅलरीत आल्या. कठडा न धरता सावधान उभ्या राहिल्या. खांद्यापासून पायापर्यंत लाल-पांढरे पट्टे, चांदण्या, छातीवर गरुड, गरुडाच्या पोटावर चार रंगांचं ठिगळ. कडेची झालर त्यांच्या पावलांवर पडली होती. सगळी सोसायटी वर पाहत होती.

"अगं," हे दोरी हातात धरून माझ्या कानाशी म्हणाले, "बाईंनी अमेरिकेचा झेंडा पांघरलाय."

"गोधडी आहे ती," मी म्हटलं. "तुम्ही दोरी ओढा."